ओद्दूरच्या कुरणात रुतलेलं पोस्ट

पोस्टाची खोली हलवायची त्या शुक्रवारी कात्रीनने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलंच नाही. धुऊन फळीवर पालथं घातलं, वर फडकं टाकलं आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली. लग्न होऊन सोलबाक्कीत आल्यापासून असा शुक्रवार तिच्या वाट्याला आला नव्हता. शुक्रवार टपालाचा. आसपासच्या शेतांवरून माणसं येत. घराला टेकून बांधलेल्या खोलीत तिच्या सासूबाई, स्टेनुन, पोस्ट चालवत. तिथे पत्रं घ्यायची आणि मधल्या दारातून हात चोळत कात्रीनच्या स्वयंपाकघरात शिरायचं, असा रिवाज होता. पत्र स्टेनुनच्या हातचं, कॉफी कात्रीनच्या. आभार मात्र सगळे स्टेनुनचे मानून जात.

"मधलं दार आजच बुजवणार ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

हाल्दोर बुटांच्या नाड्या बांधत होता. "खोली जाऊ दे तरी आधी."

"मी फळ्या कापून ठेवल्यात."

"कधी?"

"काल. तुम्ही सगळे खोली घरापासून कापत होता तेव्हा मी फळ्या कापत होते. हातोडा तुमच्याकडे होता म्हणून, नाहीतर कालच ठोकल्या असत्या."

हाल्दोर म्हणजे माझे वडील, कात्रीन माझी आई. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पुढचं सगळं मी वडील, आई आणि रान्व्हेगआत्या या तिघांकडून ऐकलं. तिघांचं एकमेकांशी जुळत नाही. मी थोडं थोडं प्रत्येकाचं घेतलंय. कुठे कमीजास्त झालं असेल तर तो दोष त्यांचा धरू नये.

सोलबाक्की म्हणजे होतं तरी काय? सपाट गवताळ मुलुखात एक टेकाड, त्यावर आमचं घर, आणि भोवती मैल-मैल अंतरावर आइसलंडहून आलेल्यांची सात-आठ शेतघरं. चर्च नाही, दुकान नाही, रस्तासुद्धा नाही. पाकिटावर लिहायला एक नाव होतं आणि त्या नावाची एक खोली होती. खोली बंद झाली की नावही गेलं. मग राहिला तो सरकारी नकाशावरचा आकडा. असे आकडे त्या मुलुखात पैशाला पासरी होते.

आणि खोली बंद होण्याच्या बेतात होती. रेल्वे टेकाडावरून न जाता सात मैल उत्तरेला गेली. तिथे स्टेशन झालं, हार्कवुड असं नाव पडलं, एक दुकान निघालं. पोस्ट आम्हाला द्या, नाव हार्कवुड ठेवा, असा त्या दुकानदाराने सरकारकडे अर्ज केला. सोलबाक्कीला हल्ली कुणी जात नाही, असंही त्यात लिहिलं. सरकारने कळवलं, मार्चमधल्या अमुक शुक्रवारी निरीक्षक येतील. त्यांना पोस्ट रुळांच्या जवळ आढळलं तर ठीक, नाहीतर बंद.

आदल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर यावरून बरीच धुसफूस झाली होती. धाकटा मुलगा ब्यार्नी म्हणाला, खोलीच ओढत नेऊ. खाली दोन ओंडके घालायचे, पुढे घोडे जुंपायचे. बर्फ कडक आहे तोवर घर लोण्यावरून सुरी जावी तसं जाईल. त्या मुलुखात घरं अशीच हलवत, त्यात नवल नव्हतं. पण हाल्दोरने काटा खाली ठेवला.

"बाबांनी बांधलेली खोली आहे ती."

"म्हणूनच नेऊ म्हणतोय, दादा. जाळू म्हणालो नाही."

"तुला हार्कवुडला दुकान टाकायचंय. पोस्टाच्या गर्दीवर."

"टाकायचंय. मग? इथे बसून तुझी बार्ली वाढताना बघू?"

"मला विचाराल तर," कात्रीन बटाटे वाढत म्हणाली, "भावजी बरोबर बोलतायत."

हाल्दोरने बायकोकडे असं पाहिलं, जणू ती चर्च बदलते आहे असं म्हणाली असावी. रान्व्हेग, मधली बहीण, पोस्टात आईच्या हाताखाली काम करायची. ती आईकडे पाहत होती.

स्टेनुनने तोंडातला घास संपवला. "तुमच्या बाबांच्या क्रॉसवर काय कोरलंय?"

"एगिल, सोलबाक्की इथे वारला," हाल्दोर म्हणाला. त्यानेच कोरलं होतं.

"पोस्ट हार्कवुडला गेलं, नाव बदललं, तर तो कुठे वारला?"

"आई, जिथे वारले तिथेच वारले," ब्यार्नी म्हणाला.

"तिथे म्हणजे कुठे?"

ब्यार्नीने शपथेवर सांगितलं, की खोली स्टेशनाशेजारी उभी राहील, पण दारावर पाटी सोलबाक्कीचीच राहील. स्टेनुनने मान डोलावली. "नेऊ या," ती म्हणाली. ब्यार्नीला इतका आनंद झाला की आई एवढ्या पटकन कशी तयार झाली, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. रान्व्हेगच्या आलं.

*

ब्यार्नीचा बेत चोख होता. शुक्रवारी सगळे टपालासाठी येतातच, घोडे घेऊनच येतात. तेच घोडे जुंपायचे. उजाडता निघायचं. वाटेत एकच अवघड जागा होती, ओद्दूरकाकाचं कुरण. बरोबर मध्यावर, खोलगट. वर बर्फ, खाली पाणी. ऊन चढायच्या आत तेवढं पार केलं की झालं.

आई खोलीतच बसून येणार, हे मात्र त्याच्या बेतात नव्हतं.

"उतर की, आई. गाडीत बस."

"पिशवी आत आहे," स्टेनुन खिडकीतून म्हणाली. "शिक्का आत आहे. मग मी कुठे असणार?"

"निदान चूल तरी विझव. चालत्या घरात जाळ?"

"रान्व्हेगला थंडी वाजते."

"मला नाही वाजत," आतून रान्व्हेगचा आवाज आला.

"वाजेल," स्टेनुन म्हणाली.

तर आमचं पोस्ट चूल पेटती ठेवून निघालं. सोळा घोडे पुढे, माणसं दोन्ही अंगांनी. हाल्दोर पहिल्या जोडीच्या लगामाशी खाली मान घालून चालला होता. कात्रीन मागून गाडीत बसून आली. का, असं विचारलं तर म्हणाली, "परत येत नाही ना ते बघायला." ओंडके बर्फावरून करकरत सरकले आणि खोली खरोखरच लोण्यावरून गेल्यासारखी टेकाड उतरली. ब्यार्नीने टोपी काढून हवेत हलवली.

पण सगळ्यांना टपाल हवं होतं. ते पिशवीत होतं, पिशवी खोलीत होती आणि खोली आता ज्याच्या त्याच्या दारावरूनच चालली होती. पहिलं घर आलं ते सिग्गा म्हातारीचं. ती अंगणात एप्रन बांधून उभीच होती.

"थांबा! माझं पत्र असेल."

"आहे," स्टेनुनने खिडकीतून हात बाहेर काढला. "मुलीचं."

सिग्गाने पत्र घेतलं, छातीशी धरलं. "आता आत या."

"आजी, वेळ नाही," ब्यार्नी म्हणाला. "ऊन चढायच्या आत कुरण..."

"इतकी वर्षं बर्फ तुडवत मी टपालाकडे गेले. आज टपाल माझ्या दारात आलंय. त्याला कॉफी न देता लावून देऊ? माझ्या आईने असं नाही शिकवलं. तुझ्या आईने तुला काय शिकवलंय ते तूच बघ."

खिडकीतून आई उत्तराच्या अपेक्षेने त्याच्याकडे पाहत होती. आमच्यात एखाद्याच्या घरावर कर्ज असलं तरी चालतं. पण दारावरून कॉफी न घेता गेला, ही गोष्ट नातवंडांच्या लग्नात निघते. घोड्यांच्या तोंडाला पिशव्या बांधल्या आणि सगळे आत गेले. स्टेनुन टपालाची पिशवी काखेत मारूनच गेली.

रान्व्हेगला तिथेच पहिला संशय आला. आई एक कप कॉफी प्यायची आणि कपावर तळहात ठेवायची. बिशपने किटली पुढे केली असती तरी तो हात हलला नसता. सिग्गाच्या घरी कप संपला, सिग्गाने किटली उचलली, आणि आईचा हात मांडीवर तसाच राहिला. दुसरा कप झाला. मग तिसरा.

"आई, बरं वाटतंय ना?"

"उत्तम. सिग्गा, ते गोड धिरडं अजून एक दे. वाळलेलं असलं तरी चालेल."

दुसऱ्या घरी आईने यजमानांच्या आजोबांची चौकशी केली. आजोबांना दोन युद्धं आणि एक जहाजफुटी अशा आठवणी होत्या आणि त्यांना कुणी विचारत नसे. त्यांनी जहाजापासून सुरुवात केली. तिसऱ्या घरी वाळक्या आलुबुखाराचा थरांचा केक निघाला. त्या घरचा केक सहा थरांचा असतो, सात हवेत, आणि सहा थरांचा केक म्हणजे विटा रचायचा कंटाळा, असं स्टेनुन गेली कित्येक वर्षं म्हणत आली होती. आज तिने त्याची कृती विचारली. सविस्तर.

ब्यार्नी दारात उभा राहून आकाशाकडे बघत होता. छपराच्या कडेवरून पहिला थेंब पडला.

"आई."

"आले. फक्त लोण्याचं प्रमाण विचारते."

*

ओद्दूरने आपल्या खिडकीतून ते पाहिलं तेव्हा आधी चष्मा पुसला. कुरणापलीकडून भावाची खोली चालत येत होती, धुराड्यातून धूर सोडत, जशी कुणी म्हातारी पाइप ओढत फिरायला निघावी.

एगिल त्याचा थोरला भाऊ. दोघं एकाच जहाजातून आले, शेजारी जमिनी घेतल्या आणि एकाच गोष्टीवरून कायमचे तुटले. ओद्दूर कविता करायचा. विनिपेगहून येणाऱ्या आमच्या भाषेतल्या साप्ताहिकात त्याची कविता पहिल्यांदा छापून आली. पोस्टात आलेली वर्तमानपत्रं आधी पोस्टवाल्यांनी वाचायची आणि मग ज्याची त्याला द्यायची, हे तेव्हा कुणाला गैर वाटत नसे; सगळीकडे तसंच चाले. पण एगिलने कविता वाचून समासात पेन्सिलीने दुसरी ओळ दुरुस्त केली आणि तो अंक तसाच भावाच्या हातात दिला. ओद्दूरने आपली छापील कविता पहिल्यांदा पाहिली ती अशी, दुरुस्त केलेली. त्या दिवसापासून तो आपलं टपाल पूर्वेच्या दुसऱ्या पोस्टातून आणू लागला, दुप्पट अंतर तुडवून. एगिल वारला तेव्हा तो खड्डा खणायला आला, खणून गेला, कॉफीला थांबला नाही. स्टेनुन तोवर त्याला 'अरे ओद्दूर' म्हणायची. तेव्हापासून 'तुम्ही' म्हणू लागली.

आता ती खोली त्याच्या कुरणाच्या मध्यावर आली आणि एक लांबलचक उसासा टाकावा तसा आवाज झाला. डावा ओंडका बर्फातून खाली गेला. खाली पाणी, पाण्याखाली चिखल. खोली हळूहळू, अगदी सभ्यपणे, एका अंगावर कलली आणि थांबली. धुराडं तिरपं झालं. धूर मात्र सरळ वर जात राहिला.

ओद्दूरने कोट घातला. मग काढला. मग पुन्हा घातला.

तो पोचला तेव्हा ब्यार्नी गुडघाभर चिखलात उभा होता आणि सोळा घोड्यांना एकेक करून नावाने शिव्या देत होता.

"काका!"

"हं."

"तुमचे चार मोठे घोडे द्या. त्यांच्या जोरावर निघेल. संध्याकाळच्या आत हार्कवुडला पोचायचंय, निरीक्षक आलाय."

"माझं टपाल पूर्वेच्या पोस्टातून येतं," ओद्दूर म्हणाला. "माझा यात काय संबंध?"

"तुमच्या कुरणात आहे ना ते!"

"तेच म्हणतो. माझ्या कुरणात काय करतंय ते?"

हाल्दोर घोड्याच्या मानेआड तोंड लपवून उभा होता. तो हसत होता, हे कात्रीनने ओळखलं. ती गाडीतून उतरून त्याच्याजवळ गेली.

"तुम्हाला बरं वाटतंय."

"मी काही बोललो नाही."

"तोंड नाही, खांदे बोलतायत." तिने कललेल्या खोलीकडे पाहिलं. मग मागे, टेकाडावरच्या आपल्या घराकडे पाहिलं. इथून ते चांगलं लांब होतं. शुक्रवारी इथून हात चोळत कुणी तिच्या स्वयंपाकघरात येण्याइतकं जवळ तर मुळीच नव्हतं. तिच्या डोक्यात काहीतरी हलकेच जागच्या जागी बसलं. "मला विचाराल तर," ती म्हणाली, "इथे काय वाईट आहे?"

हाल्दोरने चमकून मान वर केली. "तू तर ब्यार्नीच्या बाजूची होतीस."

"भावजींच्या नाही. माझ्या चुलीच्या बाजूची होते, आहे."

*

आत जमीन अशी तिरपी झाली होती की पेन्सिल टेबलावर ठेवली की स्वतःच्या पायांनी दाराकडे जायची. स्टेनुनने तराजूच्या एका पायाखाली प्रवचनांचा जाडजूड ग्रंथ सरकवला, काटा मध्यावर आला की नाही ते वाकून पाहिलं, आणि खुर्चीत तोल सांभाळत बसली.

"रान्व्हेग, खिडकी उघड. शुक्रवार आहे. ज्यांचं राहिलंय ते घेऊन जातील."

"आई, आपण चिखलात अडकलोय."

"पोस्ट नाही अडकलेलं. पोस्ट उघडं आहे."

बाहेर सगळे होतेच. घोडे ओढायला आलेले, घोडे बघायला आलेले, आणि अडकल्याचं कळल्यावर फळ्या घेऊन धावत आलेले. रांग लागली. बायकांनी आपापल्या घरून किटल्या आणवल्या. एवढी माणसं एका जागी त्या मुलुखात फक्त लग्नात जमली असतील.

रान्व्हेगने दार लोटून घेतलं. "तिसऱ्या घरी तू केकची कृती विचारलीस."

"मग?"

"सहा थरांच्या केकची."

स्टेनुनने शिक्का शाईवर टेकवला, पाकिटावर मारला, नीट उमटला का ते पाहिलं. "माणसाने म्हातारपणी शिकत राहावं," ती म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं आणि ओद्दूर आत आला. तिरप्या जमिनीने त्याला दोन पावलं जास्त चालायला लावली, आणि तो थेट टेबलापाशी येऊन थांबला. स्टेनुनने मान वर केली नाही.

"काय काम होतं आपलं?"

"माझ्या जमिनीवर सरकारी कार्यालय आलंय. चौकशीला आलो."

"चौकशी उजव्या खिडकीत."

"खिडकी एकच आहे."

"मग रांगेत उभे राहा."

ओद्दूर बाहेर गेला. रान्व्हेग शपथेवर सांगायची, की तो खरोखर रांगेत उभा राहिला. सिग्गाच्या मागे. सिग्गाने त्याला तोवर दोन कप पाजले.

*

निरीक्षकांचं नाव होतं प्रेंटिस. हार्कवुडच्या दुकानात सकाळपासून बसून त्यांनी दुकानदाराकडून, सोलबाक्की कसं ओस पडलंय, हे तीनदा ऐकलं होतं. दुपारपर्यंत येणार म्हणून कळवलेली खोली आली नाही तेव्हा त्यांनी भाड्याची गाडी केली आणि दक्षिणेला निघाले. कुरणाच्या कडेला आल्यावर गाडीवान थांबला. समोर उघड्या मैदानात एक खोली एका अंगावर कलून उभी होती, भोवती सोळा घोडे, तीसेक माणसं, चार किटल्या आणि एक शिस्तीत रांग.

"हे काय आहे?" प्रेंटिस यांनी विचारलं.

त्यांची भाषा नीट येणारी एकटी रान्व्हेग. ती दारात आली. "सोलबाक्कीचं पोस्ट, साहेब."

ते आत शिरले, दोन पावलं जास्त चालून टेबलाला थडकले आणि टोपी हातात धरली; ती टेबलावर ठेवली असती तर गेली असती. त्यांनी कप्पे पाहिले, शिक्का पाहिला. एक पत्र वजन करून पाहिलं. वजन बरोबर आलं. मग तराजूखालचा ग्रंथ पाहिला.

"जमीन तिरपी आहे," ते म्हणाले.

रान्व्हेगने आईला सांगितलं.

"त्याला म्हणावं, तराजू सरळ आहे. सरकारला काय हवं असतं, जमीन की तराजू?"

"आई म्हणते, आभारी आहे," रान्व्हेग म्हणाली.

सिग्गाने त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी नको म्हटलं. ते नको म्हणणं कुणीच भाषांतर करून सांगितलं नाही. मग केक आला.

"दर टपालाच्या दिवशी एवढी गर्दी असते?" त्यांनी खिडकीबाहेर पाहत विचारलं.

भाषांतर सोडलं तर रान्व्हेग खोटं बोलत नसे. आयुष्यात तिला ते जमलं नाही. "आजच्यासारखी क्वचित," ती म्हणाली. हेही खरंच होतं.

"मला सांगितलं होतं की इथे कुणी येत नाही." त्यांनी केकचा तुकडा मोडला. "ही कायमची जागा आहे का?"

हे मात्र तिला मोठ्याने सांगावं लागलं. ब्यार्नी दारात उभा होता. स्टेशनाशेजारची जागा, दारावरची पाटी, शेजारचं दुकान, सगळं त्याच्या ओठावर आलं. त्याने तोंड उघडलं, आणि कात्रीनने त्याच्या बुटावर आपला बूट ठेवला. ठेवला आणि त्यावर भार दिला.

स्टेनुनचा हात शिक्क्यावर होता. शिक्क्यात एकच नाव कोरलेलं होतं. जमीन तिची नव्हती, तिथे राहू का, हे सांगायचा अधिकारही तिचा नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे रांगेतल्या त्या एका माणसाकडे वळले.

ओद्दूर सिग्गाला बाजूला करून पुढे आला.

"जमीन माझी. पोस्ट सोलबाक्कीचं. आणि त्याला विचार, टेकाड सोडून भलतीकडे रूळ टाकणारं हे सरकार आम्हाला जागा विचारायला येतं कुठल्या तोंडाने. त्याला विचार, चिखलात बसलेलं घर त्याने कधी चालताना पाहिलंय का. आणि तो दुकानदार..."

"काका म्हणतात, होय," रान्व्हेग म्हणाली.

प्रेंटिस यांनी घड्याळ काढलं. लांबून, उत्तरेकडून, आगगाडीची शिट्टी ऐकू आली. बारीक, पण स्वच्छ. त्यांनी मान तिकडे वळवली, मग घड्याळ खिशात टाकलं. "रुळांच्या जवळच म्हणायला हवं," ते म्हणाले. "हार्कवुडने आपलं वेगळं पोस्ट काढावं. स्टेशनावरून तुमची पिशवी आणायला मात्र एक माणूस लागेल, आठवड्यातून तीनदा. पगारी."

रान्व्हेगने हे सांगितलं तेव्हा कात्रीनने बूट काढून घेतला.

"तीनदा?" ब्यार्नी म्हणाला. "हार्कवुडला?"

"नको असेल तर दुसरं कुणी बघू," हाल्दोर म्हणाला.

"मी नको कुठे म्हणालो, दादा? मी फक्त ऐकू आलं का ते तपासलं."

निरीक्षक गेले. केकचा उरलेला भाग सिग्गाने त्यांना फडक्यात बांधून दिला. माणसंही पांगली. ओद्दूर टेबलापाशी तसाच उभा राहिला, कोटाचं बटण पिरगाळत.

"तुमचं टपाल इथून सुरू करायचं असेल," स्टेनुन म्हणाली, "तर नाव सांगावं लागेल."

"माझं नाव तुला माहीत नाही?"

"पोस्टात विचारावं लागतं."

त्याने सांगितलं. तिने एका रिकाम्या कप्प्यावर चिठ्ठी चिकटवली. तो कप्पा इतकी वर्षं रिकामा का ठेवला होता, हे कुणी विचारलं नाही.

"दुसरी ओळ लंगडत होती," ओद्दूर एकदम म्हणाला. "त्याचं बरोबर होतं. पण आधी मला वाचू द्यायची होती."

"मीही त्याला तेच म्हटलं होतं," स्टेनुन म्हणाली. "बस, अरे. खुर्ची घसरते, पाय रोवून बस."

तो बसला. तिने खिडकीची काच बाहीने पुसली. दक्षिणेच्या उन्हात टेकाड दिसत होतं, आणि टेकाडावर, घराच्या थोडं बाजूला, जिथे हाल्दोरने कोरलेला क्रॉस होता ती जागा.

*

नोव्हेंबरात जमीन गोठून दगडासारखी झाली. त्या आठवड्यात ब्यार्नी हार्कवुडहून पिशवी घेऊन आला तो सोबत साखळ्याही घेऊन आला. दुकानाची जागा अजून रिकामी होती. त्याने बूट आपटून बर्फ झाडला. खोलीखाली एव्हाना ओद्दूरने फळ्यांचा आधार दिला होता; जमीन पूर्वीपेक्षा कमी तिरपी होती, पण पेन्सिल अजून चालायची.

"आई, आता ओढता येईल. एका सकाळीत."

स्टेनुन पत्रं लावत होती. ओद्दूर चुलीपाशी बसून साप्ताहिक वाचत होता. ते त्याचं नव्हतं, सिग्गाचं होतं. सिग्गा उद्या येणार होती.

"हो का?" स्टेनुन म्हणाली. "चांगलं झालं. रान्व्हेग, किटली चढव. आधी कॉफी घेऊ, मग निघू."

ब्यार्नीने आईकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, साखळ्या दाराबाहेर ठेवल्या आणि पाय रोवून बसला.